फॅट्स नवारो आणि बाजूला ठेवलेले टेक

कंपायलेशन अल्बम, म्हणजे इकडची-तिकडची जुनी रेकॉर्डिंग्ज गोळा करून काढलेला, म्हटलं की जॅझवाले जरा नाक मुरडतात. 'बेस्ट ऑफ' घेणारा माणूस म्हणजे अजून कच्चा, खरा रसिक मूळ अल्बम मूळ क्रमानेच ऐकणार, असा एक न बोललेला नियम आहे आणि जॉन कोल्ट्रेन किंवा माइल्स डेव्हिससारख्यांबद्दल तो बरोबरही असेल. पण काही वादकांनी अल्बम नावाची गोष्ट कधी केलीच नाही, कारण ते वाजवत होते तेव्हा आपण ज्याला अल्बम म्हणतो ते अजून धड जन्माला आलं नव्हतं. थिओडोर 'फॅट्स' नवारो त्यातलाच. वाद्य ट्रंपेट, जन्म सप्टेंबर १९२३, मृत्यू जुलै १९५०. सव्वीस वर्षांचा होता. कोलंबिया कंपनीने लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आणली १९४८ मध्ये, आणि जॅझवाल्यांना तिचं काय करायचं ते कळेपर्यंत हा गेला सुद्धा. त्याचं जे काही उरलंय ते ७८ स्पीडच्या तबकड्यांवर, तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत, त्यातलं बरंचसं दुसऱ्याच्या नावाने निघालेलं, आणि वर थोडं रेडिओवरून टिपून ठेवलेलं. त्यामुळे ह्या माणसाच्या बाबतीत कंपायलेशन हाच काय तो अल्बम.

मी जो संच ऐकतो तो ब्लू नोटने १९९५ मध्ये काढलेला, दोन सीडींचा. नाव मालगाडीएवढं लांब, 'द कम्प्लीट ब्लू नोट अँड कॅपिटॉल रेकॉर्डिंग्ज ऑफ फॅट्स नवारो अँड टॅड डॅमरन'. १९४७ ते १९४९ एवढाच काळ, म्हणजे जेमतेम दोन वर्षं. त्यात पियानिस्ट आणि धून रचणारा टॅड डॅमरन, त्याच्या बँडची सेशन्स आहेत, ट्रंपेटवाल्या हॉवर्ड मॅकगीबरोबरचं एक, पियानिस्ट बड पॉवेलचं एक, बेनी गुडमनबरोबरची एक धून आणि डॅमरनची कॅपिटॉलवाली मोठ्या बँडची कामं. काही ट्रॅकवर फॅट्स नाहीच, तिथे माइल्स डेव्हिस आहे. संच डॅमरनचाही आहे त्यामुळे तक्रार नाही, पण ते ट्रॅक मी क्वचितच लावतो हे खरं.

ह्या संचाची खरी मजा म्हणजे त्यात टेक दोन-दोन आहेत, म्हणजे एकच धून त्याच सेशनमध्ये पुन्हा वाजवून घेतलेली, आणि तेव्हा बाजूला ठेवलेली सुद्धा इथे आहे. 'द स्क्विरल' दोनदा, 'द चेस' दोनदा, 'अवर डिलाइट' दोनदा, 'लेडी बर्ड' दोनदा, आणि पॉवेलचं 'बाउन्सिंग विथ बड' तर तीनदा. नवख्या माणसाला हे भयंकर कंटाळवाणं होतं, मलाही सुरुवातीला झालं, एक धून संपते आणि लगेच तीच परत सुरू, जणू सीडी अडकली. पण थोडं मुरलं की लक्षात येतं, माल सगळा इथेच आहे.

त्याचं कारण सांगायचं तर आधी ती रेकॉर्डिंग व्हायची कशी ते बघायला लागेल. १९४७ मध्ये स्टुडिओत अजून टेप रुळलेली नव्हती, वाजवलेलं थेट तबकडीवर कोरलं जायचं. म्हणजे कापाकापी नाही, 'तेवढा तुकडा परत घेऊ' नाही. ड्रमवाल्याची काठी चुकली किंवा सॅक्सोफोनचा शेवटचा सूर घसरला की सगळे परत पहिल्यापासून. आणि एका बाजूला मावणार तीन मिनिटं, फार तर थोडी सेकंदं वर. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे नवीन नाही, अब्दुल करीम खाँसाहेबांनी किंवा हिराबाई बडोदेकरांनी तबकडीसाठी गाताना अख्खा राग त्याच तीन मिनिटांत बसवला. फरक एवढाच की त्या तीन मिनिटांचे मालक खाँसाहेब एकटे होते. फॅट्सला त्यातच धून वाजवायची, मग आल्टो सॅक्सोफोनवाल्याची पाळी, टेनर सॅक्सोफोनवाल्याची पाळी, पियानो, परत धून, संपलं. त्याच्या वाट्याला येणार मिनिटभर किंवा त्याच्याही आत. आयुष्यभराची तयारी त्या मिनिटात दाखवायची, आणि टेक फुकट गेला तर पुन्हा तेवढ्याच जोमाने दाखवायची.

आता त्याने तेवढ्यात काय केलं ते.

फॅट्स वाजवायचा ते बीबॉप, म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउससारख्या ठिकाणी आणि पुढे बावन्नाव्या स्ट्रीटवरच्या क्लबांमधून चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, मंक, केनी क्लार्क ह्या मंडळींनी १९४० च्या आसपास शिजवलेलं संगीत. नाचायला आलेल्या लोकांसाठी नाही, ऐकणाऱ्यांसाठी. वेग प्रचंड, कॉर्ड्स, म्हणजे चालीखाली एकदम वाजणारे स्वरांचे गट, सारख्या बदलत्या. आपण रागाचे स्वर धरून आत हिंडतो, ह्यांच्या पायाखालची जमीनच दर दोन मात्रांना बदलते आणि प्रत्येक वेळी नव्या जमिनीवर बरोबर पाय पडायला हवा. बरं, जमीन पुष्कळदा उसनी. एखाद्या गाजलेल्या नाटकातल्या गाण्याच्या कॉर्ड्स घ्यायच्या, वरची चाल फेकून द्यायची आणि आपली नवी बसवायची. चालीवर कॉपीराइट असतो, कॉर्ड्सवर नसतो, म्हणजे रॉयल्टी वाचली आणि वर नवीन धून आपल्या नावावर. ह्या संचातलं 'जाहबेरो' हे 'ऑल द थिंग्ज यू आर'च्या सांगाड्यावर उभं आहे. एकदा ते कळलं की कान आपोआप मूळ गाणं खाली शोधत राहतो.

ह्या धावपळीत बहुतेक ट्रंपेटवाल्यांचं काहीतरी सांडायचंच. डिझी वरच्या पट्टीत फटाके लावायचा, अचाट माणूस, पण त्याचा आवाज तसा बारीक. तरुण माइल्सने वरच्या पट्टीचा नादच कमी केला आणि स्वतःचा वेगळा, शांत रस्ता काढला. फॅट्सने ह्यातलं काहीच सोडलं नाही. आवाज भरदार, गोल, खालपासून वरपर्यंत एकसारखा जाड, आणि वेग कितीही असो तान दाणेदार. मला ह्याला दुसरा शब्दच सुचत नाही. चांगल्या गवयाच्या तानेत जसा एकेक स्वर मोजून घ्यावा इतका सुटा ऐकू येतो आणि तरी ओळ तुटत नाही, तसं. 'लेडी बर्ड'मध्ये ऐका. सोळा मात्राखंडांची छोटी धून, शेवटी डॅमरनने घातलेलं एक वळण आहे, चार कॉर्ड्स अशा काही अंतरावर ठेवल्यात की मूळ सुरावर परत येताना लांबच्या गल्लीतून फिरून आल्यासारखं वाटतं (जॅझवाले त्याला आजही डॅमरनचं टर्नअराउंड म्हणतात, आणि 'हाफ नेल्सन' ही माइल्सची धून ह्याच सांगाड्यावरची). अशा जागी नवशिका वादक कॉर्ड्सचे स्वर एकामागून एक म्हणून मोकळा होतो, पाढे म्हटल्यासारखे. फॅट्स तिथे आरामात बोलत बोलत जातो. घाई नाही. समेवर येतो तो सुद्धा धाडकन नाही, आपलं सहज.

मग दुसरा टेक लावायचा.

मला वाटायचं की जॅझ म्हणजे ऐनवेळी सुचेल ते, म्हणजे दुसऱ्या टेकला सगळं निराळं असणार. किंवा मग घोकून आलेला असेल तर सगळं तेच. फॅट्सचं दोन्हीही नाही. काही जागा जशाच्या तशा येतात. काही वाक्यं त्याच शब्दांनी सुरू होतात आणि मध्येच दुसरीकडे वळतात. काही ठिकाणी आधीच्या टेकमध्ये जिथे श्वास घेतला होता तिथे ह्या वेळी ओढून पुढे नेतो आणि श्वास नंतर घेतो, आणि त्यामुळे पुढचं सगळंच थोडं सरकतं. म्हणजे डोक्यात आराखडा पक्का आहे, कुठून निघायचं, कुठे उंची गाठायची, कुठे उतरायचं हे ठरलेलं, पण वाटेत काय करायचं ते त्या त्या वेळी. ज्यांनी घरी बडा ख्याल ऐकलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. आणि जॅझबद्दलचा तो 'सगळं उत्स्फूर्त हो, सगळं आतून' वाला भाबडा प्रकार आहे ना, तो ह्या दोन सीडी ऐकल्यावर टिकत नाही. हा माणूस घरी बसून काम करून आलेला आहे. नुसता प्रतिभावान वगैरे म्हणून त्याचे कष्ट खिशात घालू नयेत.

कष्टांचा हिशोब तसा सोपा आहे. की वेस्टचा पोरगा, फ्लोरिडाच्या पार टोकाचं बेट, तिथून क्यूबा नव्वद मैल. विशीच्या आधीच फिरत्या बँडांमध्ये शिरला. मग अँडी कर्कचा बँड, तिथे शेजारच्या खुर्चीवर हॉवर्ड मॅकगी, त्याच्याकडून पुष्कळ उचललं. १९४५ मध्ये बिली एक्स्टाइनच्या ऑर्केस्ट्रात डिझी गिलेस्पीच्या जागी. म्हणजे विचार करा, डिझी उठून गेलेल्या खुर्चीवर बसायचं, बावीसही पूर्ण नसताना. बसला आणि निभावलं. शरीराने जाडा, बोलण्याचा आवाज बारीक, म्हणून बँडवाले 'फॅट गर्ल' म्हणायचे, संगीतकारांच्या प्रेमाची जात अशीच असते. सॅव्हॉय कंपनीसाठी त्याने स्वतःच्या नावावर जी थोडी सेशन्स केली त्यात ह्याच नावाची एक धूनसुद्धा आहे. त्या सॅव्हॉयवाल्या तबकड्या ह्या संचात नाहीत, त्या वेगळ्या शोधायच्या, 'नॉस्टॅल्जिया' तर जरूर.

'जाहबेरो'बद्दल अजून थोडं, कारण ते मला फार आवडतं. त्यावर काँगा, म्हणजे हाताने वाजवायचा क्यूबन ढोल, वाजवायला चानो पोझो आहे, हवानाचा, डिझीच्या बँडमध्ये आलेला. खाली पोझोचे हात, शेजारी केनी क्लार्कचे ड्रम्स, आणि वर फॅट्स अजिबात गडबडून न जाता लांब लांब ओळी टाकतोय. की वेस्ट आणि हवाना समुद्राच्या एका पट्ट्याच्या दोन बाजूंना, आणि हे दोघे भेटले न्यूयॉर्कच्या स्टुडिओत, तारीख १३ सप्टेंबर १९४८. गंमत म्हणजे त्या अख्ख्या वर्षात अमेरिकेत वादक संघटनेची रेकॉर्डिंगबंदी चालू होती, जानेवारीपासून थेट डिसेंबरपर्यंत. म्हणजे संघटनेच्या नियमाने बोलायचं तर 'लेडी बर्ड' आणि 'जाहबेरो' व्हायलाच नको होते. ब्लू नोट चालवणारे आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे नाझी जर्मनीतून निसटून आलेले मित्र, खिसा तसा हलकाच, त्यांनी बंदीच्या काळात ही सेशन्स केली म्हणून आपल्याला हे ऐकायला मिळतंय. त्याच दिवशी 'आय थिंक आय'ल गो अवे' नावाचं एक गाणं पण झालं, केनी हॅगूडने गायलेलं. ते खुशाल पुढे ढकला.

पोझो त्याच डिसेंबरमध्ये हार्लेममध्ये गोळी लागून गेला.

आणि इथे ह्या संचाची एक वाईट बाजू येते. पुस्तिकेतली वादकांची यादी वाचत बसू नये. टेनर सॅक्सोफोन, वॉर्डेल ग्रे, १९५५ मध्ये गेला, चौतीस वर्षांचा. आल्टो, अर्नी हेन्री, १९५७, एकतीस. डॅमरन ड्रग्जपायी तुरुंगात गेला, सुटून आला आणि १९६५ मध्ये कॅन्सरने गेला. बड पॉवेल अर्धं आयुष्य इस्पितळांच्या आत-बाहेर, १९६६. आणि फॅट्स तर ह्या चौघांच्या आधीच गेलेला. हेरॉइन आणि क्षय, दोन्ही एकदम. शेवटी शेवटी तो जाडा माणूस वाळून काठी झाला होता. चीड येते ती ह्याची की क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा निघालेलं होतं, १९४३ मध्येच शोध लागला होता. पण औषध निघणं आणि रात्रीच्या क्लबात वाजवणाऱ्या, नशेत अडकलेल्या एका काळ्या ट्रंपेटवाल्यापर्यंत ते वेळेवर आणि पुरेसं पोचणं ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्या आपल्याकडेही निराळ्याच होत्या. न्यू जर्सीत त्याला पुरलं, आणि पुढची कित्येक दशकं त्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

ह्याच्यावर लोक 'जळून गेलेला तारा' टाइप लिखाण करतात, मला ते आवडत नाही. ह्याच्या वाजवण्यात मरणाची सावली वगैरे काही नाही हो. उलट इतकं निरोगी, खणखणीत ट्रंपेट त्या काळात दुसरं नाही. ज्याला सावली ऐकू येते तो पुस्तिका आधी वाचून आलेला असतो.

यादीत जगलेले पण आहेत. ऑगस्ट १९४९ चं बड पॉवेलचं सेशन लावा, 'बाउन्सिंग विथ बड', 'वेल', 'डान्स ऑफ द इन्फिडल्स'. ड्रम्सवर रॉय हेन्स, जो नव्याण्णव वर्षांचा होऊन २०२४ मध्ये गेला. आणि टेनरवर एक पोरगा, अठरा वर्षांचा, सनी रॉलिन्स. शेजारी फॅट्स उभा आणि पलीकडे पियानोवर पॉवेल, त्यात अठराव्या वर्षी उभं राहायचं म्हणजे काय होत असेल! तिन्ही टेक ऐकले की जाणवतं, फॅट्स प्रत्येक वेळी तेवढाच तयार, आणि रॉलिन्स अजून हातपाय मारतोय, पण मारतोय जोरात. हाच सनी रॉलिन्स पुढे साठच्या दशकाच्या शेवटी सगळं सोडून मुंबईत आला आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला, वेदांत शिकायला. आणि १९७८ मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली तेव्हा वाजवायलाही आला. त्या वेळी त्याला ऐकलेली मंडळी मुंबईत अजून भेटतात आणि भेटली की अर्धा तास सोडत नाहीत. मला मात्र त्यांना विचारावंसं वाटतं, तुम्ही रॉलिन्स ऐकलात, पण रॉलिन्सने फॅट्सला हातभर अंतरावरून ऐकलेलं, त्याबद्दल कोणी विचारलं का त्याला?

ट्रंपेटची आपली ओळख तशी वेगळ्याच दारातून झाली. फॅट्स न्यूयॉर्कमध्ये वाजवत होता त्याच वर्षांत मुंबईत ताजमध्ये गोव्याचे चिक चॉकलेट वाजवत होते, आणि त्यांचं दैवत लुई आर्मस्ट्राँग. मग तेच ट्रंपेट सी. रामचंद्रांच्या ऑर्केस्ट्रात गेलं आणि घराघरात पोचलं. म्हणून आपल्या कानाला ट्रंपेट म्हणजे उसळणारं, नाचणारं, खोडकर असं काहीतरी वाटतं. फॅट्सचं ट्रंपेट त्या मानाने विचारी आहे. पाय हलतो, पण डोकं आधी हलतं.

त्याचा वारसा बघायचा तर क्लिफर्ड ब्राउन ऐकावा. फिलाडेल्फियाच्या बाजूला फॅट्सने ह्या पोराला ऐकलं आणि पाठीवर थाप दिली, आणि क्लिफर्डने तोच गोल आवाज, तीच दाणेदार तान पुढे नेली. तोही १९५६ मध्ये मोटार अपघातात गेला, पंचविशीत. तिथून पुढे ली मॉर्गन, फ्रेडी हबर्ड. म्हणजे आज कुठल्याही क्लबात एखादा तरुण ट्रंपेटवाला भराभर आणि स्वच्छ वाजवताना ऐकलात की त्यातला काही भाग ह्या सव्वीस वर्षांच्या माणसाचा आहे, वाजवणाऱ्याला माहीत असो नसो.

सगळ्यात शेवटी 'डबल टॉक'. ऑक्टोबर १९४८, म्हणजे हेही बंदीच्याच काळातलं, आणि इथे हॉवर्ड मॅकगी आणि फॅट्स समोरासमोर. एकेकाळचे शेजारच्या खुर्चीवरचे गुरू-शिष्य म्हणा हवं तर. एका बाजूत मावलं नाही म्हणून तबकडीच्या दोन बाजूंवर कापून काढलं होतं, सीडीवर ते सलग पाच-साडेपाच मिनिटं मिळतं, आणि टेक अर्थातच दोन. दोघं आळीपाळीने वाजवतात, मग तुकडे लहान होत जातात, एकाने टाकलेलं दुसऱ्याने झेलायचं, आणि भांडणाचा आवाज कुठेच नाही, शिष्य पुढे गेलाय हे गुरूला कळलंय आणि त्याला त्याचं काही वाटत नाहीये असं आपलं मला वाटतं. कोण कुठला हे ओळखणं हा एक खेळच आहे. जरा धारदार, कडेने घासून जाणारा आवाज मॅकगीचा, गोल आणि भरलेला तो फॅट्स, एवढी किल्ली पुरते असं म्हणतात, पण वेग वाढला आणि तुकडे आखूड झाले की पुरत नाही. माझा एक मित्र स्वतः ट्रंपेट वाजवतो, चर्चच्या बँडमध्ये शिकलेला, त्याच्याबरोबर हे ऐकायला बसलं की दुसऱ्या टेकच्या मध्यावर आमचं हमखास बिनसतं. एक चढती ओळ आहे, ती मी फॅट्सची म्हणतो आणि तो छातीठोकपणे मॅकगीची म्हणतो, जीभ कशी लागते त्यावरून कळतं म्हणे. मग पहिला टेक पुरावा म्हणून लावायचा, तिथे ती ओळ येतच नाही, आणि मग परत दुसरा.